फायब्रोस्कॅनचा आकडा वाचताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागच्या अंकातल्या फॅटी लिव्हरवरच्या लेखानंतर आलेल्या पत्रांत सर्वाधिक प्रश्न फायब्रोस्कॅनसारख्या, यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासण्यांबद्दल आहेत. बहुतेकांनी रिपोर्टची प्रतही जोडली आहे. ती पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली: आकडा सगळ्यांच्या तोंडपाठ असतो, पण तो कोणत्या मशिनवर, कोणत्या वेळी आणि कोणत्या अवस्थेत घेतला, याकडे कुणी पाहत नाही. म्हणून या वेळी उत्तरं जरा सविस्तर देत आहोत. औषधोपचार तुमचे डॉक्टरच ठरवतील. आम्ही इथं फक्त तपासणीविषयी लिहितो आहोत.

प्रश्न : माझं वय ५२, दहा वर्षांपासून मधुमेह. सोनोग्राफीत 'ग्रेड २ फॅटी लिव्हर' आलं. घरचे म्हणतात, आजार दुसऱ्या स्टेजला गेला. लगेच फायब्रोस्कॅन करू का? एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १.९ लाख आहेत. (एक वाचिका, सातारा)

ग्रेड वेगळा, स्टेज वेगळी. सोनोग्राफीतला ग्रेड फक्त चरबीबद्दल बोलतो. चरबी वाढली की यकृत शेजारच्या मूत्रपिंडापेक्षा पांढुरकं दिसू लागतं, तो ग्रेड १. यकृतातल्या रक्तवाहिन्यांच्या कडा धूसर झाल्या की ग्रेड २. यकृताचा मागचा भाग आणि श्वासपटलाची रेघच दिसेनाशी झाली की ग्रेड ३. हा सगळा डोळ्यांचा अंदाज असतो. तपासणाऱ्याने मशिनचा गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, थोडा वाढवला तरी ग्रेड बदलू शकतो.

स्टेज असते ती फायब्रोसिसची, म्हणजे यकृतात व्रणाच्या ऊतीचे तंतू किती साठले आहेत याची. एफ-० म्हणजे तंतू नाहीत, एफ-४ म्हणजे सिरॉसिस, तंतूंनी व्यापून गाठाळ झालेलं यकृत. ग्रेड ३ चरबी असूनही एफ-० असणारे लोक भरपूर आहेत. उलट सिरॉसिसपर्यंत पोचलेल्या काहींच्या यकृतातली चरबी कमी झालेली असते आणि सोनोग्राफीत ग्रेड १ दिसतो. साध्या सोनोग्राफीला फायब्रोसिस दिसतो तो फार उशिरा: पृष्ठभाग खडबडीत होतो, प्लीहा वाढते, पोर्टल शीर (आतड्याकडून यकृतात रक्त आणणारी) १३ मिलिमीटरपेक्षा रुंद होते. त्यामुळे 'सोनोग्राफीत फायब्रोसिस नाही' या वाक्यावर मधुमेहींनी निर्धास्त होऊ नये.

लगेच फायब्रोस्कॅन करण्याआधी फिब-४ काढा, म्हणजे वय आणि रक्ताच्या आकड्यांवरून फायब्रोसिसचा अंदाज देणारं सूत्र. त्याला वेगळा खर्च नाही. तुमच्याकडे असलेले आकडे पुरेसे आहेत: वय, प्लेटलेट आणि एसजीओटी, एसजीपीटी ही यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम्स. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. तुमच्या बाबतीत वर ५२ × ४८ = २,४९६. खाली ६४ चं वर्गमूळ ८, म्हणून १९० × ८ = १,५२०. उत्तर १.६४.

इथं प्लेटलेट १९० धरले आहेत हे लक्षात घ्या. आपल्याकडच्या रिपोर्टवर ते लाखात छापतात, सूत्राला हजारात लागतात. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये १.९ टाकलं तर उत्तर १६४ येतं आणि माणूस घाबरतो. १,९०,००० टाकलं तर ०.००१६ येतं आणि माणूस नको तितका निश्चिंत होतो. आमच्याकडे आलेल्या पत्रांत दोन्ही प्रकार आहेत.

१.३ च्या खाली असेल तर पुढारलेला (एफ-३ किंवा एफ-४) फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर बरीच जास्त. वय ६५ च्या पुढे असेल तर खालची मर्यादा १.३ ऐवजी २ धरतात, कारण वय सूत्रातच असल्याने म्हाताऱ्या माणसाचा आकडा आपोआप फुगतो. पस्तिशीच्या आत हे सूत्र भरवशाचं नाही. आणखी एक, खास पावसाळ्यासाठी: डेंगीत प्लेटलेट कोसळतात आणि एसजीओटी चढतं, त्यामुळे त्या दिवसांतल्या रक्तावर काढलेला फिब-४ फेकून द्यावा. ताप जाऊन रक्ताचे आकडे पूर्ववत झाले की पुन्हा काढावा.

तुमचा १.६४ मधल्या पट्ट्यात आहे आणि मधुमेह आहे, त्यामुळे फायब्रोस्कॅन करणं योग्यच. फक्त तो नीट करून घ्या. कसा, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : आमच्या गावात मोफत शिबिर होतं. तिथं दुपारी फायब्रोस्कॅनमध्ये ११.८ किलोपास्कल आलं, सिरॉसिसच्या जवळ आहे असं सांगितलं. दोन आठवड्यांनी शहरातल्या इस्पितळात सकाळी केलं तर ७.६. कोणता रिपोर्ट खरा? (एक वाचक, नांदेड जिल्हा)

तुम्ही दोन्ही रिपोर्ट पाठवलेत आणि शिबिरात आल्या आल्या नाश्ता दिल्याचंही लिहिलंत, हे फार बरं झालं.

आधी हे मशिन काय करतं ते पाहू. प्रोबच्या टोकाशी एक छोटा दट्ट्या असतो. तो बरगड्यांच्या मधल्या जागेवर हलकी टिचकी मारतो, त्याची कंपनसंख्या ५० हर्ट्झ. त्या टिचकीची लहर यकृतातून आत जाते आणि त्याच प्रोबमधला अल्ट्रासाउंड तिचा पाठलाग करून वेग मोजतो. ताणलेल्या दोरीतून लहर झपाट्याने धावते, सैल दोरीतून रेंगाळते. तसंच कडक यकृतातून लहर वेगाने जाते. वेगाचा वर्ग करून त्याला तिनाने गुणलं की कडकपणा किलोपास्कल या एककात मिळतो. नेहमीच्या एम प्रोबने कातडीखाली साधारण २५ ते ६५ मिलिमीटर खोलीवरचा, बोटाएवढ्या जाडीचा, ४ सेंटिमीटर लांबीचा भाग मोजला जातो.

म्हणजे मशिन मोजतं तो कडकपणा, फायब्रोसिस नव्हे. तंतू वाढले की कडकपणा वाढतो हे खरं, पण कडकपणा वाढवणारी इतरही कारणं आहेत, आणि ती याच प्रकारच्या गोंधळाच्या मुळाशी असतात.

पहिलं कारण जेवण. खाल्ल्यावर आतड्याकडून यकृताकडे येणारं रक्त वाढतं, यकृत फुगतं, आकडा चढतो. तो पूर्ववत व्हायला दोन-तीन तास लागतात. म्हणून किमान ३ तास उपाशी असावं. घोटभर पाणी चालतं, पोहे आणि दुधाचा चहा चालत नाही. ज्यांचा फायब्रोसिस आधीच पुढारलेला आहे त्यांच्यात जेवणाने आकडा जास्त उसळतो.

दुसरं कारण यकृताची सूज. कावीळ झालेली असताना, किंवा एसजीपीटी नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या पाच पटींहून जास्त असताना घेतलेला आकडा फायब्रोसिस ठरवायला वापरू नये. पावसाळ्यात दूषित पाण्याने होणारी कावीळ बरी झाल्यावरही एसजीपीटी उतरेपर्यंत थांबावं. तिसरं, पित्तनलिकेत खडा अडकून पित्त तुंबणं. चौथं, हृदयाची उजवी बाजू कमजोर पडून यकृतात रक्त तुंबणं. अशा रुग्णाचा आकडा सिरॉसिसच्या घरात जातो आणि लघवीची औषधं देऊन सूज उतरली की खाली येतो. पाचवं, रोजची भरपूर दारू. ती बंद केल्यावर काही आठवड्यांतच आकडा उतरतो, म्हणून शक्य असेल तर त्यानंतरच मोजावं.

आता तुमचे कागद. दोन्हींवर मोठ्या अक्षरात मीडियन छापलाय, त्याच्या खाली बारीक अक्षरात आयक्यूआर आहे. फायब्रोस्कॅन किमान दहा वेळा मोजतो. मीडियन म्हणजे त्या आकड्यांमधला मधला, आयक्यूआर म्हणजे ते किती विखुरले याचं माप. शिबिराच्या रिपोर्टवर ११.८ ला आयक्यूआर ४.६ आहे, म्हणजे मीडियनच्या ३९ टक्के. मर्यादा आहे ३० टक्के. इस्पितळाच्या रिपोर्टवर ७.६ ला १.१, म्हणजे १४ टक्के. पहिला आकडा पोटभर खाऊन घेतलेला आणि विखुरलेलाही. तो बाजूला ठेवा. दुसरा धरा.

विखुरण्याचं कारण बहुधा हातात असतं. रुग्णाने उताणं झोपून उजवा हात डोक्याखाली घ्यायचा असतो म्हणजे बरगड्यांमधली फट रुंदावते. प्रोब कातडीला काटकोनात हवा, खाली बरगडी किंवा मोठी रक्तवाहिनी नको, दाब ठरलेल्या पट्ट्यात हवा. स्क्रीनवर प्रत्येक टिचकीसोबत एक तिरपा पट्टा उमटतो. पट्ट्याच्या कडा सरळ आणि समांतर असल्या तर मोजमाप चांगलं. खालच्या टोकाला पट्टा वाकला किंवा फुटला तर ते मोजमाप जाणकार तंत्रज्ञ वगळतो. शिबिरात रांग लागलेली असते, एकेकाला मिळतात मोजकी मिनिटं, आणि तिथं हे सुटतं. शिबिरं वाईट असं आम्ही म्हणत नाही. त्यांच्यामुळे अनेकांना आजार पहिल्यांदा कळतो. पण शिबिरातला वाढलेला आकडा म्हणजे 'उपाशीपोटी पुन्हा मोजा' एवढाच निरोप समजावा.

फॅटी लिव्हरमध्ये ८ च्या खाली आकडा असेल तर पुढारलेला फायब्रोसिस जवळपास नाही असं धरतात. ८ ते १२ हा संशयाचा पट्टा, १२ च्या वर शक्यता बरीच. तुमचा ७.६ दिलाशाचा आहे, पण काठावरचा आहे. वर्षभराने त्याच इस्पितळात, त्याच मशिनवर पुन्हा मोजा.

रिपोर्टवर कॅप नावाचा दुसरा आकडा असतो, डेसिबल प्रति मीटरमध्ये. तो चरबीचा. साधारण २४८ च्या वर चरबी आहे, २८० च्या वर बरीच आहे असं मानतात. तो फायब्रोसिसबद्दल काहीच सांगत नाही, तेव्हा दोन आकड्यांची बेरीज-वजाबाकी मनात करू नका.

प्रश्न : या तपासणीत किरणोत्सर्ग असतो का? (एक वाचिका, रत्नागिरी)

नाही. फायब्रोस्कॅन, सोनोग्राफी आणि एमआरआय, तिन्हींत नाही. मात्र गर्भवतींनी आणि पेसमेकर बसवलेल्यांनी ते आधी सांगावं. बरीच केंद्रं त्यांचं फायब्रोस्कॅन करत नाहीत.

प्रश्न : मार्चमध्ये पुण्यात आलो असताना फायब्रोस्कॅन ९.४ किलोपास्कल होता. त्यानंतर सात किलो वजन उतरवलं. ऑगस्टमध्ये इथं एमआर इलॅस्टोग्राफी केली, ती ३.६ किलोपास्कल आली. फायब्रोसिस निम्म्याहून कमी झाला असं समजू का? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

समजू नका. एककाचं नाव एकच असलं तरी दोन्ही मशिनं वेगळी राशी छापतात. फायब्रोस्कॅन यंग गुणांक (ताणण्या-दाबण्याला ऊतीचा विरोध) देतो, एमआर इलॅस्टोग्राफी, म्हणजे एमआरआयवर कडकपणा मोजणं, शिअर गुणांक (कडेने सरकवण्याला विरोध) देते. यकृतासारख्या ऊतीत पहिला दुसऱ्याच्या साधारण तिप्पट असतो. तुमचे ३.६ गुणिले ३ केले तर १०.८ होतात. कंपनसंख्या वेगळी असल्याने ही तिप्पट काटेकोर लावता येत नाही, पण दोन्ही तपासण्या एकाच मधल्या टप्प्याकडे बोट दाखवतात, एवढं नक्की. या गोंधळाने काही लोक औषध आणि पथ्य सोडून देतात, म्हणून जरा ठासून लिहितो आहोत.

एमआर इलॅस्टोग्राफीचं तंत्र अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या गटाने १९९५ मध्ये मांडलं. तिची स्वतःची पट्टी अशी: २.५ च्या खाली नॉर्मल, २.५ ते २.९ नॉर्मल किंवा नुसती सूज, २.९ ते ३.५ पहिली-दुसरी स्टेज, ३.५ ते ४ दुसरी-तिसरी. ४ ते ५ तिसरी-चौथी. ५ च्या वर सिरॉसिसची शक्यता मोठी. तुम्ही दुसरी-तिसरीच्या घरात आहात.

छातीच्या उजव्या खालच्या बाजूवर एक चपटी गोल चकती पट्ट्याने बांधतात. बाहेरच्या यंत्रातून नळीने येणाऱ्या हवेच्या दाबाने ती ६० हर्ट्झला थरथरते आणि श्वास सोडून रोखून धरल्यावर चित्रं घेतली जातात. इथंही चार ते सहा तास उपाशी राहावं लागतं. यात यकृताचा मोठा भाग मोजला जातो आणि स्थूल माणसातही ती सहसा फसत नाही, म्हणून अचूकतेत ती वरचढ आहे. फसते ती यकृतात लोह साठलं असेल तेव्हा. वारंवार रक्त घ्यावं लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या रुग्णांत नेहमीच्या पद्धतीत यकृत चित्रात काळंच पडतं आणि लहर दिसतच नाही. तेव्हा स्पिन-एको प्रकारची, लोहाने कमी बिघडणारी चित्रण-पद्धत वापरता येते का, हे केंद्राला विचारावं.

वजन उतरवल्याचा फायदा दिसायचा असेल तर त्याच रिपोर्टमध्ये पीडीएफएफ शोधा, म्हणजे यकृतातल्या चरबीचं टक्केवारीतलं प्रमाण. ५ टक्क्यांच्या खाली असेल तर चरबी नाही असं धरतात. आधीच्या तुलनेत हे प्रमाण ३० टक्क्यांनी किंवा त्याहून जास्त घटणं चांगलं लक्षण मानतात. चरबी आधी उतरते, तंतू सावकाश. तंतू मागे हटायला बहुधा मूळ वजनाच्या १० टक्के घट टिकवावी लागते. पुढची तुलना एमआर इलॅस्टोग्राफीची एमआर इलॅस्टोग्राफीशीच करा.

हीच अडचण सोनोग्राफी मशिनवरच्या शिअर वेव्ह इलॅस्टोग्राफीत येते. तिथं आकडा कधी किलोपास्कलमध्ये, कधी मीटर प्रति सेकंदात छापतात. वर्ग करून तिनाने गुणा: १.७ मीटर प्रति सेकंद म्हणजे ८.७ किलोपास्कल, २.१ म्हणजे १३.२. या पद्धतीत मोजायची चौकट यकृताच्या आवरणापासून किमान दीड ते दोन सेंटिमीटर आत हवी. आवरणाला चिकटून घेतलेला आकडा खोटा चढतो.

प्रश्न : वडिलांचं पोट खूप वाढलं आहे. तंत्रज्ञ म्हणाला, मशिन आकडाच देत नाही. मोठ्या प्रोबने पुन्हा करून घ्यावं का? (एक वाचक, जळगाव)

पोट चरबीने वाढलंय की पाण्याने, हे आधी साध्या सोनोग्राफीने पाहा. कातडीपासून यकृतापर्यंतचं अंतर २५ मिलिमीटरच्या वर असेल तर एम प्रोब कमी पडतो. तेव्हा एक्सएल प्रोब वापरावा. तो ३५ ते ७५ मिलिमीटरच्या पट्ट्यात मोजतो. पण पोटात पाणी असेल, म्हणजे जलोदर असेल, तर कोणताही प्रोब कामाचा नाही. टिचकीची लहर पाण्यातून पुढे जातच नाही. आणि यकृताच्या जुन्या आजारात जलोदर झाला असेल तर फायब्रोसिसची स्टेज मोजण्याची वेळ मागे पडली आहे. आकड्यामागे धावण्यात दिवस न घालवता यकृततज्ज्ञांकडे जा. पाण्याचा नमुना काढून तपासणं आणि एंडोस्कोपी ही कामं आधीची आहेत. ताप, पोटदुखी, गुंगी किंवा काळी शी असेल तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

प्रश्न : आकडा ८.९ वरून ९.८ झाला. सहा महिन्यांत आजार वाढला का? पुन्हा कधी करू? (एक वाचक, सोलापूर)

हा फरक १० टक्के आहे. तोच माणूस, तेच मशिन, तरी वेगवेगळ्या दिवशी आकड्यात एवढा चढउतार होतोच. साधारण २० टक्क्यांच्या आत असेल तर बदल झाला असं मानू नये. त्याहून मोठा बदल असला तरी आधी उपास, प्रोब, आयक्यूआर आणि त्या दिवसाचं एसजीपीटी जुळवून पाहावं. प्रत्येक रिपोर्टच्या मागे पेनाने एवढंच लिहून ठेवा: शेवटचं खाणं किती वाजता, कोणता प्रोब, वजन किती, त्या आठवड्यातलं एसजीपीटी किती. पुढच्या डॉक्टरांना या चार ओळींचा फार उपयोग होतो.

८ च्या खाली असणाऱ्यांनी एक ते तीन वर्षांनी, मधुमेह असेल तर लवकर; ८ ते १२ मध्ये असणाऱ्यांनी सहा महिने ते वर्षाने. दर महिन्याला मोजून काही हाती लागत नाही, तंतू त्या गतीने बदलत नाहीत.

प्रश्न : हेपटायटिस सी होता. सरकारी इस्पितळात मोफत गोळ्या मिळाल्या, विषाणू गेला. आकडा २१.४ वरून वर्षात ११.२ वर आला. प्लेटलेट १.६ लाख आहेत. आता दर सहा महिन्यांची सोनोग्राफी बंद केली तर चालेल का? (एक वाचक, नागपूर)

सोनोग्राफी बंद करू नका. विषाणू गेल्यावर आकडा भरभर उतरतो, कारण सूज ओसरते. तंतू आणि गाठी तेवढ्या वेगाने जात नाहीत. उपचारापूर्वी २१.४ असलेलं यकृत सिरॉसिसचंच धरायचं, आणि अशा यकृतात कर्करोगाचा धोका विषाणू गेल्यावर कमी होतो, संपत नाही. सहा महिन्यांनी सोनोग्राफी, जोडीला रक्तातलं एएफपी (यकृताच्या कर्करोगात वाढू शकणारं प्रथिन), हे सुरूच ठेवा. चरबी किंवा वायूमुळे यकृत नीट दिसलं नाही असं रिपोर्टमध्ये लिहिलं असेल, तर एमआरआय किंवा सीटीबद्दल विचारा.

एका बाबतीत मात्र तुम्हाला सूट मिळू शकते. अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या का, हे पाहण्यासाठी एंडोस्कोपी करतात. २०२१ च्या बाव्हेनो-७ या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार हेपटायटिस सी बरा झाल्यावर आकडा सातत्याने सुधारत १२ च्या खाली आला असेल आणि प्लेटलेट दीड लाखांच्या वर असतील, तर पोर्टल शिरेतल्या दाबावरची ही पाळत थांबवता येते. तुम्ही दोन्ही अटींत बसता. मात्र दारू, मधुमेह किंवा लठ्ठपणा जोडीला असेल तर हा नियम तसाच लागू होत नाही. डॉक्टरांना दोन्ही आकडे दाखवून ठरवा. रक्तातली हेपटायटिस सीची अँटिबॉडी तपासणी पुढेही पॉझिटिव्ह येतच राहील. त्याने घाबरू नका, विषाणू आहे की नाही हे आरएनए तपासणीच सांगते.

प्रश्न : मग बायोप्सी आता कुणालाच लागत नाही का? (एक वाचिका, पणजी)

लागते, पण कमी जणांना. फायब्रोस्कॅन, फिब-४ आणि सोनोग्राफी एकमेकांशी जुळत नसतील, किंवा आजाराचं कारणच कळत नसेल, उदाहरणार्थ ऑटोइम्यून हेपटायटिसचा संशय असेल, तर बायोप्सीला पर्याय नाही. कडकपणा मोजणारं कोणतंही मशिन कारण सांगत नाही.

बायोप्सीचा तुकडा यकृताच्या पन्नास हजाराव्या भागाएवढा असतो. सुई जिथं गेली तिथं तंतू कमी आणि शेजारी जास्त, असंही होतं. म्हणून तुकडा किमान दीड, शक्यतो दोन सेंटिमीटर लांब हवा. रिपोर्ट हातात आल्यावर स्टेजच्या आधी ती लांबी आणि पोर्टल ट्रॅक्ट (यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्या आणि पित्तनलिकांचे जुडगे) किती मिळाले ते वाचा. ११ किंवा त्याहून जास्त असतील तर तुकडा पुरेसा. तुकडा ८ मिलिमीटरचा असेल आणि ट्रॅक्ट चारच असतील, तर त्यावर लिहिलेली 'एफ-१' ही स्टेज पक्की धरू नका आणि स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टना दाखवायची का, हे डॉक्टरांना त्याच भेटीत विचारा.